वायफाय-ब्लूटूथवरून माणूस किंवा वस्तू शोधायचीय? आधी सिग्नलची नोंद सुधारा

फायनल इयरची पोरं प्रोजेक्ट घेऊन विचारायला येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, कालमन फिल्टर (हलणारे आकडे गुळगुळीत करायचं गणित) लावू की मशीन लर्निंग? मी म्हणतो थांब जरा, आधी तुझी डेटाची फाईल दाखव. फाईल उघडली की उपकरणाची ओळख आणि सिग्नलची ताकद असे दोनच कॉलम, एक मॅक अ‍ॅड्रेस आणि एक आरएसएसआय, संपलं. रीडिंग कधीचं, कुठल्या चॅनलवरचं (म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवरचं), कोणत्या रिसीव्हरने ऐकलं, मधे किती पॅकेट (हवेतून येणारे डेटाचे तुकडे) हरवली, काही पत्ता नाही. मग या फाईलवर काहीही चालवा, ग्राफ हलणारच आणि तुम्हाला कधीच कळणार नाही की माणूस हलला का राउटरने चॅनल बदलला.

म्हणून हा लेख अल्गोरिदमवर नाहीये. सिग्नलचं रीडिंग घेणं आणि ते नीट लिहून ठेवणं एवढ्याबद्दलच आहे, आणि एवढंच जरी जमलं तरी पुढचं अर्धं काम सोपं होतं असं माझं मत आहे.

पायरी १ : नक्की काय शोधायचंय ते ठरवा

दोन वेगळी कामं आहेत आणि लोक ती मिसळतात. एक म्हणजे पोझिशनिंग, यात ज्याची जागा शोधायची त्याच्याकडे फोन, बीकन (स्वतःची ओळख सतत पाठवत राहणारं छोटं ब्लूटूथ उपकरण), टॅग असं काहीतरी असतं. दुसरं सेन्सिंग, यात माणसाकडे काहीच नसतं, खोलीतल्या दोन उपकरणांमधल्या लहरी त्याच्या अंगावरून परततात किंवा अडतात त्यावरून कोणी आहे का, हलतंय का हे ओळखायचं. वायफायचा सेन्सिंगसाठीचा वेगळा स्टँडर्ड, ८०२.११बीएफ, २०२५ मध्ये आला, त्यामुळे हा विषय आता फक्त रिसर्चवाल्यांचा राहिलेला नाही.

मोजण्याजोग्या गोष्टी तीन. आरएसएसआय म्हणजे आलेल्या पॅकेटची ताकद, एकच आकडा, सगळीकडे मिळतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. सीएसआय म्हणजे त्याच पॅकेटची प्रत्येक सबकॅरियरवरची (चॅनलच्या आतल्या प्रत्येक बारीक फ्रिक्वेन्सीवरची) माहिती, सेन्सिंगसाठी हेच लागतं. आणि एफटीएम म्हणजे सिग्नल जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर. वस्तू कुठल्या खोलीत आहे एवढंच हवं असेल तर आरएसएसआय पुरतो, मीटर-दोन मीटरपर्यंत अंतर हवं असेल तर एफटीएम बघा, आणि रिकाम्या हाताने फिरणारा माणूस पकडायचा असेल तर सीएसआय.

पायरी २ : आकडा ओळखायला शिका

आरएसएसआय डीबीएममध्ये (एक मिलीवॉटच्या तुलनेत ताकद किती, ते सांगणारं माप) असतो आणि उणे असतो. राउटरच्या शेजारी -३०, चांगलं नेट चालतंय तिथे -५५ ते -६५, आणि -९० च्या आसपास पॅकेट गळायला लागतात. ३ डीबीने खाली म्हणजे ताकद अर्धी, १० डीबीने खाली म्हणजे दहावा हिस्सा, हे डोक्यात पक्कं बसवा.

विंडोज सिग्नल टक्क्यांत दाखवतं. त्यांचा हिशोब असा की -१०० म्हणजे ० टक्के, -५० म्हणजे १०० टक्के, मधे सरळ रेषा. म्हणजे -५० च्या वर सगळंच १००, तुम्ही राउटरपासून अर्ध्या मीटरवर असा नाहीतर दोन मीटरवर, आकडा तोच दिसू शकतो. त्यामुळे टक्के लॉग करू नका, जिथून डीबीएम मिळेल तिथूनच घ्या. मॅकवर ऑप्शनचं बटण दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की आरएसएसआय आणि नॉइज (आजूबाजूचा रेडिओ गोंगाट) दोन्ही दिसतात, लिनक्सवर iw कमांडच्या स्टेशन डंपमध्ये चालू सिग्नल आणि सरासरी असे दोन वेगळे आकडे येतात, त्यातला चालू घ्या. आयफोनवर मात्र आजूबाजूच्या राउटरची यादी साध्या अ‍ॅपला मिळत नाही, तिथे ब्लूटूथ बीकनवर भागवायचं.

अजून एक सापळा आहे. ब्लूटूथमध्ये १२७ हा आकडा आला तर ती ताकद नाही, रीडिंग उपलब्ध नाही असा त्याचा अर्थ. अँड्रॉइडच्या वायफायमध्ये त्याच अर्थाने -१२७ येतो. हे आकडे सरासरीत घुसले की पूर्ण ग्राफ वेडावाकडा होतो, आणि मग लोक फिल्टर लावून ते गुळगुळीत करतात, म्हणजे चूक लपवतात. असं रीडिंग आलं तर शून्य टाकू नका, कॉलम रिकामा ठेवा.

पायरी ३ : एका ओळीत काय काय हवं

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. ब्लूटूथ बीकनची एक चांगली नोंद साधारण अशी दिसते:

१८४२२०७३५ | रिसीव्हर-३ | बीकन-७ | चॅनल ३८ | -६७ | क्रमांक २११

पहिला आकडा वेळ, मायक्रोसेकंदात, उपकरण चालू झाल्यापासूनची. घड्याळातली वेळ वेगळ्या कॉलममध्ये ठेवा कारण इंटरनेटवरून घड्याळ जुळवलं की ती मधेच पुढे-मागे उडी मारते आणि दोन रीडिंगमधलं अंतर उणे यायला लागतं. ईएसपी३२ (वायफाय-ब्लूटूथ असलेला छोटा बोर्ड) वापरत असाल तर सीएसआयच्या नोंदीबरोबर येणारा टाइमस्टँप ३२ बिटचा आहे, म्हणजे साधारण ७१ मिनिटांनी तो परत शून्यावर येतो. रात्रभर रेकॉर्डिंग लावलंत तर सकाळी फाईलमध्ये वेळ सात-आठ वेळा मागे गेलेली दिसेल, घाबरू नका पण कोडमध्ये त्याची सोय आधीच करून ठेवा.

क्रमांक म्हणजे बीकनने पाठवलेल्या पॅकेटचा नंबर, बीकन तुमचाच असेल तर पेलोडमध्ये (पॅकेटमधल्या मजकुरात) एक मोजणी टाकून द्या. हा कॉलम का हवा ते बघा. बीकन लांब गेला की कमजोर पॅकेट ऐकूच येत नाहीत, नशिबाने जी जरा जोरात आली तेवढीच नोंदली जातात, आणि त्यांची सरासरी काढली तर ती खऱ्यापेक्षा चांगली दिसते. म्हणजे १५ मीटरवर आणि २५ मीटरवर आरएसएसआय जवळपास सारखाच! फरक कुठे असतो, तर १५ मीटरवर दहातली नऊ पॅकेट येत असतात आणि २५ वर तीन. हरवलेली किती हे माहीत असेल तरच हे पकडता येतं, आणि ते फक्त क्रमांकावरून कळतं.

आता चॅनल. ब्लूटूथ बीकन तीन चॅनलवर आलटून पालटून ओरडतो, ३७, ३८ आणि ३९, म्हणजे २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ. भिंतीवरून, जमिनीवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि हे मिसळणं फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतं, त्यामुळे बीकन आणि फोन दोन्ही टेबलावर ठेवलेले, कोणी हललेलं नाही, तरी रीडिंग -६०, -६८, -६२, -६८ असं नाचतं. फोन सहसा सांगतच नाही की कुठल्या चॅनलवर ऐकलं. याला एक छान उपाय आहे, बीकन ईएसपी३२ किंवा तत्सम बोर्डवर बनवला असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये चॅनल मॅप असतो, तिथे एकच चॅनल ठेवून थोडा वेळ रेकॉर्ड करा, मग दुसरा, मग तिसरा. तीन वेगळ्या, बऱ्यापैकी स्थिर रेषा दिसतील. ज्याला आपण गोंधळ समजत होतो त्यातला बराचसा भाग म्हणजे तीन वेगळी रीडिंगं एका कॉलममध्ये कोंबलेली होती.

शिवाय प्रत्येक रेकॉर्डिंगबरोबर एक छोटी टिपणाची फाईल ठेवा: फर्मवेअर कुठलं, पाठवण्याची ताकद किती, अँटेना कुठल्या दिशेला, उपकरण जमिनीपासून किती उंचीवर, खोलीत कोण होतं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण महिन्याने तीच फाईल उघडाल तेव्हा याशिवाय तिचा अर्थ लागणार नाही.

पायरी ४ : रीडिंग किती वेळा मिळतं ते तपासा

अँड्रॉइडवर वायफाय स्कॅनला मर्यादा आहे. अँड्रॉइड ९ पासून समोर चालू असलेल्या अ‍ॅपला दोन मिनिटांत चारच स्कॅन मिळतात, आणि मागे चालणाऱ्या सगळ्या अ‍ॅप्सना मिळून अर्ध्या तासात एक. त्याहून जास्त मागितलं तर सिस्टीम जुनीच यादी परत हातात देते, आणि नवशिक्याला वाटतं वा, सिग्नल किती स्थिर आहे! अँड्रॉइड १० पासून डेव्हलपर ऑप्शनमध्ये ही मर्यादा बंद करता येते, पण ते तुमच्या टेस्टिंगच्या फोनवर, लोकांच्या फोनवर नाही. म्हणून प्रत्येक रीडिंगचा स्वतःचा टाइमस्टँप बघा, आधीचाच असेल तर ती ओळ नवीन म्हणून मोजू नका.

ब्लूटूथला वेगळा नियम, ३० सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा स्कॅन सुरू-बंद केलं की गुपचूप रिझल्ट येणंच थांबतं, एररसुद्धा नाही. एकदा सुरू करा आणि चालू ठेवा.

पायरी ५ : सरासरी उगमावरच काढू नका

रिसीव्हरने कच्चं रीडिंग पाठवावं. फार डेटा होतो म्हणून गोळा करूनच पाठवायचं असेल तर एका सेकंदाची मीडियन (रीडिंगं क्रमाने लावल्यावर मधे येतं ते), किती रीडिंग मिळाली ती संख्या, आणि पसारा किती होता, हे तीनही पाठवा. नुसती सरासरी पाठवली तर मागे फिरायला रस्ता नाही.

सरासरीचा एक घोळ तर सगळेच घालतात. -५० आणि -७० ची सरासरी काय? -६० म्हणाल. पण डीबीएम हे लॉगरिदममध्ये असतं, खरी ताकद मिलीवॉटमध्ये काढून सरासरी घेतली आणि परत डीबीएम केलं तर उत्तर -५३ येतं. दोन्हींपैकी एकच बरोबर असं नाही, पण फाईलमध्ये काय केलंय ते लिहिलेलं पाहिजे, आणि मीडियन घेतलीत तर हा वादच फारसा उरत नाही.

पायरी ६ : एक मीटरवर मोजा, मग अंतराचं स्वप्न बघा

आयबीकन आणि एडीस्टोन हे बीकनच्या पॅकेटचे दोन प्रकार. आयबीकनच्या पॅकेटमध्ये एक मीटरवर किती ताकद दिसावी तो आकडा असतो, एडीस्टोनमध्ये मात्र शून्य मीटरवरची असते, दोघांत साधारण ४१ डीबीचा फरक धरतात. हे न बघता एकाचं सूत्र दुसऱ्याला लावलं की अंतर कुठल्याकुठे जातं.

आता अंतराच्या सूत्राबद्दल. मोकळ्या जागेत अंतर दहापट झालं की २० डीबी कमी होतात, घरात, ऑफिसात भिंती-फर्निचरमुळे ३० वगैरे धरतात. ३० धरून हिशोब करा: रीडिंगमध्ये ६ डीबीची चूक असेल तर १० मीटरवरची वस्तू एकतर १६ मीटरवर दिसते नाहीतर ६ वर. आणि ६ डीबी ही काही मोठी चूक नाही, फोन हातात फिरवला तरी होते. घरबसल्या करून बघा, बीकन टेबलावर ठेवा, फोन छातीशी धरून बीकनकडे तोंड करून उभे राहा, मग जागेवरच पाठ फिरवा. आपल्या अंगातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झ चांगलंच अडवतं, रीडिंग सरळ खाली येईल, पाऊलही न हलवता. दुसरं म्हणजे २.४ गिगाहर्ट्झची वेव्हलेंग्थ साडेबारा सेंटीमीटर, त्यामुळे फोन सहा-सात सेंटीमीटर सरकवला तरी परतलेल्या लहरींचं गणित बदलतं. म्हणून प्रत्येक ठिकाणी एकाच बिंदूवर न मोजता फोन हातभर इकडेतिकडे हळू हलवत मोजा आणि चारही दिशांना तोंड करून मोजा.

मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बहल आणि पद्मनाभन यांनी २००० साली रडार नावाची सिस्टीम मांडली होती, तिनेही प्रत्येक जागेचा सिग्नलचा नमुना आधी नोंदून ठेवायचा आणि नंतर जुळवायचा हाच रस्ता धरला, चूक मीडियनमध्ये दोन-तीन मीटर. त्या नोंदी घेतानाही माणसाचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे त्यांनी लिहून ठेवलं होतं, हे मला फार आवडतं.

रिसीव्हर कुठे लावायचे त्यावर जास्त लिहीत नाही, एवढंच की लोखंडी कपाटावर, टीव्हीच्या मागे, फिश टँकजवळ लावू नका, आणि भिंतीत आरसीसी कॉलम कुठे आहे ते बघून घ्या.

पायरी ७ : सीएसआय, दोन ईएसपी३२ घेऊन

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत बोर्ड सहज मिळतात. दोन घ्या, एक पाठवणारा, एक ऐकणारा. ईएसपी३२ बनवणाऱ्या एस्प्रेसिफने स्वतःच सीएसआयची उदाहरणं दिलेली आहेत, तिथून सुरुवात करा, शून्यापासून लिहायची हौस नंतर भागवा.

सीएसआयचा पर्याय कॉन्फिगरेशनमध्ये आधी चालू करावा लागतो. मग पॉवर सेव्ह बंद करा, नाहीतर टाइमस्टँपवर भरवसा ठेवता येत नाही. चॅनल एकच ठेवा, राउटरला ऑटोवर सोडू नका. पाठवणाऱ्याकडून ठरावीक गतीने, सेकंदाला १०० पॅकेट अशी, सोडत राहा. आणि सीएसआय आल्यावर जे फंक्शन चालतं त्यात प्रिंट करू नका, ते वायफायच्याच टास्कमध्ये चालतं, तिथे रेंगाळलात तर पॅकेट गळतात. कॉपी करून रांगेत टाका, प्रिंट दुसऱ्या टास्कमध्ये.

आता सिरियल पोर्टचा हिशोब, कारण बरीच मंडळी इथेच अडकतात. ६४ सबकॅरियर, प्रत्येकाचे दोन आकडे, म्हणजे १२८ आकडे, स्वल्पविराम आणि उणेची चिन्हं धरून एक ओळ सुमारे ५०० अक्षरांची. नेहमीच्या ११५२०० बॉडला (बॉड म्हणजे सिरियल पोर्टचा वेग) सेकंदाला ११५२० अक्षरं जातात, म्हणजे जेमतेम २३ ओळी. तुम्ही पाठवताय १०० आणि फाईलमध्ये येतायत २३, बाकीच्या कुठे गेल्या कोणी सांगत नाही. बॉड रेट ९२१६०० करा, मग १८० च्या पुढे जागा मिळते.

२३ ने काय बिघडतं? आपला सीलिंग फॅन. फुल स्पीडला मिनिटाला साडेतीनशे फेरे, तीन पाती, म्हणजे सेकंदाला साडेसतरा वेळा एक पातं तिथून जातं आणि सीएसआयमध्ये ते दिसतं. सेकंदाला २३ नोंदींमध्ये साडेसतराची लय मावत नाही, ती दुमडून साडेपाचच्या लयीसारखी दिसते, आणि ती अगदी माणसाच्या हालचालीसारखी वाटते. एक मीटर प्रतिसेकंद चालणारा माणूस २.४ गिगाहर्ट्झवर जास्तीत जास्त १६ हर्ट्झपर्यंत बदल करतो, श्वास ०.२ ते ०.३ हर्ट्झच्या आसपास. म्हणून १०० नोंदी मिळाल्या की पंखा, चालणं, श्वास हे तिन्ही निदान आपापल्या जागी दिसतात. चालणं आणि पंखा तरीही जवळजवळ येतातच, तेव्हा पहिलं रेकॉर्डिंग पंखा बंद करून घ्या, मे महिन्यात असलात तर पहाटे घ्या.

आलेल्या आकड्यांत प्रत्येक जोडीत आधी काल्पनिक भाग आणि मग वास्तव, उलटं समजू नका. पहिले चार बाइट चुकीचे आहेत असा झेंडा बरोबर येतो तो तपासा. ६४ पैकी काही सबकॅरियर रिकामेच असतात, ते काढून टाका. फेजच्या (लहर कुठल्या टप्प्यावर आहे त्याच्या) मागे सुरुवातीला लागूच नका, दोन बोर्डांची घड्याळं वेगळी असल्यामुळे तो प्रत्येक पॅकेटला भरकटतो, अँप्लिट्यूडवर (लहरीच्या उंचीवर) काम करा.

आणि गेन. रिसीव्हर आलेला सिग्नल स्वतःहून कमी-जास्त मोठा करत असतो, तो गेन. सगळे सबकॅरियर एकदम एकाच प्रमाणात वर उडाले तर तो गेन बदललाय, माणूस नाही. माणूस हलला की काही सबकॅरियर वर जातात, काही खाली, काही जागेवरच. ही खूण ओळखता आली की निम्मे खोटे अलार्म जातात. आरएसएसआय पण प्रत्येक ओळीत ठेवा, अँप्लिट्यूड त्याच्याशी जुळवून घेता येते.

पायरी ८ : एफटीएम असेल तर त्याचं सगळं घ्या

अँड्रॉइड ९ पासून वायफाय आरटीटी (एफटीएमचंच अँड्रॉइडमधलं नाव) आहे, पण फोन आणि राउटर दोघांनाही ते यायला हवं. ईएसपीमध्ये मूळ ईएसपी३२ ला येत नाही, एस२, एस३, सी३ ला येतं. सिग्नल एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो, त्यामुळे इथे काम फार बारीक वेळेचं आहे आणि उपकरणाची स्वतःची एक ठरलेली चूक असते. ती एक, तीन, पाच मीटरवर टेप लावून मोजा आणि वजा करा. जवळच्या अंतराला उत्तर उणे आलं तर फाईलमधून काढू नका, तीच चूक कळायला उपयोगी पडते.

अँड्रॉइड अंतराबरोबर पसारा, आरएसएसआय, किती वेळा प्रयत्न केला आणि किती जमले हे पण देतं. बहुतेक कोड फक्त अंतर उचलतात आणि बाकी फेकतात. आठपैकी दोनच जमले असतील तर त्या अंतरावर किती विश्वास ठेवायचा ते दिसतंच आहे. भिंत आडवी आली की इथली चूक नेहमी एकाच बाजूला जाते, अंतर जास्तच दिसतं, कारण सिग्नल वळसा घालून येतो. मोबाइलवाल्यांनी हे ओळखून ५जीच्या स्टँडर्डच्या रिलीज १७ या आवृत्तीत मोजमापाबरोबर सिग्नल सरळ आला की आडून आला याचा अंदाज पाठवायची सोयच केली. आपल्याला ती चैन नाही, पण एक हाताने भरायचा कॉलम तर ठेवता येतो, समोर दिसतंय का, हो किंवा नाही.

लोकांचं विचारून घ्या

लहरी भिंतीपलीकडे जातात, म्हणजे शेजाऱ्यांच्या घरातली हालचालसुद्धा तुमच्या फाईलमध्ये थोडीफार येऊ शकते. घरच्यांना, हॉस्टेलवर रूममेटला सांगून रेकॉर्ड करा. अनोळखी फोनचे मॅक अ‍ॅड्रेस साठवू नका, अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून ते बदलते असतात त्यामुळे उपयोगही फारसा नाही.

शेवटची तपासणी म्हणून दोन रेकॉर्डिंग करा. एक रिकाम्या खोलीत, दार लावून, तासभर, काहीही न हलवता, आणि बघा की त्यात तुमचा प्रोग्राम किती वेळा माणूस आहे असं म्हणतो. दुसरं वेगळ्या दिवशी, खुर्च्या जरा सरकवलेल्या, आधी जिथे उभं राहून डेटा घेतला होता त्याच जागांवर उभं राहून. मॉडेलला त्या आधीच्या दिवसाच्या डेटावर शिकवा आणि दुसऱ्या दिवशीच्या डेटावर तपासा, एकाच रेकॉर्डिंगचे तुकडे करून अर्ध्यावर शिकवलं आणि अर्ध्यावर तपासलं तर ९८ टक्के वगैरे येतील आणि परीक्षक विचारतील तेव्हा पंचाईत होईल. दुसऱ्या दिवशी आकडा एकदम पडला तर मॉडेल बदलायच्या आधी टिपणाची फाईल उघडा, बहुतेकदा चॅनल बदललेला असतो किंवा कोणीतरी बोर्ड उचलून उलटा ठेवलेला असतो.